भिंत हलतेय, काका

४ जानेवारी

सर्व्हेच्या जर्नलची पहिली सहा पानं फाडून टाकली. त्यांवर सरांच्या लाल शेऱ्यांशिवाय काही नव्हतं. उरलेल्या वहीत आता हे लिहीन.

कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला नाही. घरात कुणाला ते पटत नाही म्हणून इथे एकदा लिहून ठेवतो. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकाने विचारलं, "बाप काय करतो तुझा?" वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी टेबल उलटं केलं. टेबलावर थिओडोलाइट होता, जमीन मोजायचं महागडं यंत्र, हे लक्षात आलं नाही. लक्षात आलं असतं तरी केलं असतं.

सध्या मामाकडे आहे. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जुनी घरं घ्यायची, डागडुजी करायची, देखणी करून विकायची, हा त्याचा धंदा. चार महिन्यांत त्याने जे शिकवलं ते तीन वर्षांत कुणी शिकवलं नाही. घर बघायला जेवून जायचं, भुकेल्या माणसाला स्वयंपाकघर उगाच आवडतं. भिंतीच्या खालच्या दोन फुटांना तळहात लावायचा. ताजा रंग दिसला की कोपऱ्यात नख मारायचं. फरशीवर गोटी सोडायची. पाणी कधी येतं ते शेजाऱ्याला विचारायचं, घरवाल्याला कधीच नाही.

आणि शेवटचं, कुणालाही न सांगायचं: मामा स्वतः पहिला जात नाही. आधी कोणीतरी गिऱ्हाईक बनून जातं. "नाकं मुरडणाऱ्या गिऱ्हाइकाने भाव उतरत नाही रे," मामा म्हणतो. "ज्याला घर मनापासून आवडलं आणि तरी जो हळहळत परत गेला, त्याने उतरतो."

या वेळी ते गिऱ्हाईक मी. घरही मीच शोधलंय, बस डेपोच्या मागच्या गल्लीत. व्यवहार झाला तर नफ्यातला चौथा हिस्सा माझा. तो हातात आला की कॉलेजातल्या जिच्याशी लग्न करायचंय तिच्या वडिलांसमोर तडक जाऊन बसणार. "पदवी नसली तर नसू दे, पण माणूस धड काहीतरी करणारा हवा," असं ती मागे म्हणाली होती. हे धड नाही तर काय आहे?

७ जानेवारी

वाचनालयाच्या पायऱ्यांवर अर्धा तास घालवला. ती सबमिशनच्या फायली मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, घर तपासायला चल. एकट्या पोराला कोणी नीट घर दाखवत नाही, आपलं लग्न ठरलंय असं सांगू.

"असं सांगू?" ती म्हणाली. "विचारायची पद्धत बघा साहेबांची."

"तुला सिव्हिलचं कळतं म्हणून म्हणतोय."

"तुलाही कळतं. टेबलं उलटी करण्यातून वेळ मिळाला तर."

शेवटी हो म्हणाली, पण अट घालून. बॅगेतून एक फॉर्म काढला. पुनर्प्रवेशाचा. नाव, पत्ता, जुना रोल नंबर, सगळं तिच्या अक्षरात भरलेलं, फक्त माझी सही बाकी. एकतीस तारीख शेवटची. घडी करून खिशात ठेवला.

मामाच्या गिऱ्हाईक बनण्याच्या युक्तीबद्दल बोललो नाही. सगळंच सांगत बसलं तर धंदा कधी करायचा?

९ जानेवारी

आजचा दिवस.

घरवाला सत्तरीचा, निवृत्त बस ड्रायव्हर. चौतीस वर्षं बस चालवली. गुडघे गेलेत, तरी दारापर्यंत आला आणि तिला म्हणाला, "ये पोरी, आधी तू बघ. राहायचं तुला, हा काय, दिवसभर बाहेर."

मला वाटलं ती लाजेल. ती म्हणाली, "हा बाहेर असेल तरच घर टिकेल, काका." म्हातारा खोकला येईस्तोवर हसला.

हे घर त्याने सुट्टीच्या दिवसांत उभं केलंय. गवंडी एक, हाताखाली हा आणि त्याची बायको. भिंतींवर एकवीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, स्वतः पाणी मारलं. हे त्याने तीनदा सांगितलं. बायको पाच वर्षांपूर्वी गेली. मुलगी दुसऱ्या गावी असते. घर विकून तिच्या गावात एक खोली घ्यायची म्हणतो. "जावई चांगला आहे. चांगला आहे तोवरच त्याच्या घरापासून दोन गल्ल्या लांब राहावं."

स्वयंपाकघरातला ओटा बुटका आहे, बायको ठेंगणी होती म्हणून तसा बांधून घेतलेला. माझी ती ओट्याशी जाऊन उभी राहिली, दोन्ही हात टेकले आणि मान वळवून म्हणाली, "अरे, हा तर माझ्याच मापाचा आहे." खिडकीतून ऊन तिच्या मनगटावर पडलं होतं. मी तेव्हा मामाचा माणूस नव्हतो. शपथेवर लिहितो, तेव्हा मी खरंच ते घर घ्यायला आलो होतो.

मग मागच्या खोलीतली भेग. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून हातभर वर गेलेली. मी बोट फिरवलं आणि सुस्कारा टाकला. शिकवल्याप्रमाणे.

"ती काही नाही," ड्रायव्हर म्हणाला. "वरवरची आहे. वर्षानुवर्षं तशीच आहे."

"वर्षानुवर्षं?" मी म्हटलं आणि माझा आवाज आपोआप चढला. "काका, उद्या मी हिला घेऊन इथे राहणार. रात्री भिंत अंगावर आली म्हणजे तुम्ही येणार का ढिगारा उपसायला? मी इंजिनियर आहे, मला शिकवू नका!"

तिने कोपराने ढोसलं. "भडक्या, ओरडतोस काय? आधी तपास ना."

तपासायची सोय खिशातच होती. बोटाएवढी काचेची पट्टी. भेगेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टरच्या ठिपक्याने चिकटवायची. भिंत हलत असेल तर काच तुटते, नसेल तर शाबूत राहते. पट्टी तिनेच धरली, मी चिकटवली. तिचा अंगठा माझ्या अंगठ्याला लागला होता. ड्रायव्हर मागे हात बांधून उभा होता, पेशंटचा नातेवाईक उभा असतो तसा.

परतताना ती म्हणाली, "कॉलेजात शिकल्यासारखी ही पहिली गोष्ट केलीस तू." आणि कोपऱ्यापर्यंत माझा हात धरून चालली.

पट्टीच्या मागच्या बाजूला मामाने काच कापायच्या हिऱ्याने बारीक ओळ मारून ठेवलीये. खिडकी दोन-चार वेळा आपटली की काच जाते.

बाहेरून ती भिंत साफ आहे. पहिल्याच दिवशी बघून आलोय. म्हणजे भेग नुसत्या गिलाव्याची.

१५ जानेवारी

ड्रायव्हरचा फोन. "इंजिनियरसाहेब, सहा दिवस झाले, पट्टी शाबूत आहे." बस काढण्याआधी टायरला लाथ मारून बघायची सवय होती, तसा आता उठल्याउठल्या आधी पट्टी बघतो म्हणे. दात घासायच्याही आधी.

मामाला सांगितलं तर तो पोट धरून हसला. मीही हसलो. आमचा गवंडी कोपऱ्यात वाळू चाळत होता. उंच, सरळसोट माणूस, सगळे त्याला ओळंबा म्हणतात. तो हसला नाही. म्हणाला, "माझा बाप दवाखान्यात होता ना, तेव्हा आम्ही असंच रोज उठून त्याच्या छातीकडे बघायचो. वरखाली होतेय का."

मामा म्हणाला, "चाळ तू वाळू."

१८ जानेवारी

तुटली. काल दुपारी वारा सुटला होता.

ड्रायव्हरने फोनवर एवढंच सांगितलं, "येऊन बघा." मी एकटाच जाणार होतो, पण ती नेमकी तेव्हा समोर होती. म्हणाली, मीही येते, पट्टी मीच धरली होती.

म्हाताऱ्याने दाढी केलेली नव्हती. आम्हाला मागच्या खोलीत नेलं. मी "अरेरे" म्हणालो. ती भिंतीला नाक लागेल इतकी वाकली. बराच वेळ बघत राहिली. नखाने तुकडा सोडवून पालथा केला, उजेडात धरला. मग बाहेर गेली आणि घराच्या मागून चक्कर मारून आली. चहा आला होता. तिने कपाला हात लावला नाही.

गल्लीच्या तोंडाशी थांबली. "हिरा कुणी फिरवला?"

"कसला हिरा?"

"काच अशी सरळ तुटत नाही, फूटपट्टीने आखल्यासारखी. बाहेरून भिंत कोरी आहे. तू बघितली होतीस का?"

मी म्हटलं धंदा आहे, सगळे करतात. तूही तिकडे मजेत होतीस. हे सगळं मी कुणासाठी करतोय?

"माझं नाव घेऊ नकोस यात," ती म्हणाली. "मी पट्टी धरली, तू माझ्या हाताने ती लावलीस. आता परत आत जा आणि त्यांना सांग."

"आणि मामाला काय सांगू?"

"ते मला काय विचारतोस?"

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. भाजीवाली वळून बघत होती एवढं आठवतं. ती निघून गेली. पोरींना पैसा हवा असतो, पण तो येतो कुठून ते दिसायला नको असतं. मामा म्हणतो ते खरंय.

रात्री तीनदा फोन केला. उचलला नाही.

२१ जानेवारी

हे नीट लिहायला हवं. कारण यात चूक माझी नाही, तिची आहे.

आज सकाळी ड्रायव्हरने बोलावलं, एकट्याला. ओसरीत दोन खुर्च्या मांडून बसला होता. म्हणाला, "तुझी ती काल येऊन गेली. एकटीच."

मी खुर्ची पुढे ओढली.

"म्हणाली, भिंत चांगली आहे, काका, पट्टी फसवी होती, कमी भावात देऊ नका. रडत होती रे."

"मग?"

"मग काय! चौतीस वर्षं बस चालवली मी. खिसा कापणारे नेहमी दोघं असतात. एक धक्का देतो, दुसरा सॉरी म्हणतो." माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुला वाईट वाटेल, पण सांगतो. त्या पोरीला कुणीतरी पाठवलंय. मी आडून बसावं, हातचं गिऱ्हाईक घालवावं आणि मग कोणीतरी मातीमोलाने घर उचलावं, असा डाव दिसतो. परवा एक जण येऊन गेला, मध्यमवयीन, जाडजूड. भिंत खराब आहे हे कळूनही घ्यायला तयार आहे. भाव कमी देतो, पण आज देतो."

तो जाडजूड म्हणजे मामा.

"तुझ्यावर माझा विश्वास आहे," तो म्हणाला. "तू पहिल्या दिवशी माझ्या अंगावर ओरडलास ना, तेव्हाच बसला. गोड बोलणारे पुष्कळ येऊन गेले. रागावणारा माणूस खोटं बोलत नाही. आता तूच सांग. तू सांगशील ते खरं. भिंत हलतेय की नाही?"

माझ्या डोक्यात तीच होती. माझ्या पाठीमागून, मला न सांगता इथे येऊन बसली. माझं, आमचं, सगळं उधळायला निघाली. कानशिलं तापली होती.

"हलतेय, काका," मी म्हटलं. "हलतेय म्हणून तर आम्ही घेत नाही."

आवाज इतका खणखणीत निघाला की मलाच पटलं.

त्याने मान हलवली. थोड्या वेळाने भिंतीला तळहात लावला, लहान मुलाचा ताप बघतात तसा. "एकवीस दिवस पाणी मारलं होतं," म्हणाला. "कुठे कमी पडलं कोण जाणे."

दुपारी मामाने सह्या उरकल्या. येताना माझ्यासाठी नवीन बूट आणले.

३१ जानेवारी

पुनर्प्रवेशाची शेवटची तारीख. फॉर्म सापडला, पण त्याच्या पाठीवर मी घराचा नकाशा काढलाय आणि मामाने त्यावर पेनाने बाथरूम हलवलंय. असा फॉर्म कोण घेईल? राहिलं.

१२ फेब्रुवारी

काम जोरात. भेग बुजवायला ओळंब्याला अर्धा दिवस लागला. छिन्नी घेऊन गिलावा उकरला तर आतली वीट कोरी करकरीत. तो म्हणाला, "ये, बघून घे. अशी जोडणी हल्ली कोण करतं? सांधा बघ, पत्त्याच्या पानाएवढा." मी म्हटलं, बघितलं. तो म्हणाला, "नाही, हात लावून बघ." मी लावला नाही. मग त्याने चाळलेल्या वाळूचा गिलावा घातला आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. माझा मजूर, आणि माझ्यावर फुरंगटतो.

ओटा फोडला. मामाच्या मते बुटका ओटा म्हणजे गिऱ्हाईक गेलं. चार घणांत बसला.

१९ फेब्रुवारी

ड्रायव्हरचा फोन. नंबर बघितला असता तर घेतला नसता, पण तिचा असेल म्हणून न बघताच उचलला.

मुलीकडे पोचला म्हणे. आलेल्या पैशांत तिथे खोली बसली नाही. जावयाने बाल्कनीला काचा आणि पडदा लावून दिलाय. "माणूस चांगला आहे," म्हणाला. मग आवाज बारीक करून, "सकाळी त्यांची आंघोळीची घाई असते, मी आपला दहानंतर उठतो."

फोन कशासाठी केला होता, तर माझं दुसरं घर ठरलं का हे विचारायला. "पाया बघून घे हं. आणि त्या पोरीशी लग्न करताना विचार कर. पोर गोड आहे, पण कुणाच्या तरी सांगण्यावरून चालते."

मी हो हो म्हणत ठेवला.

३ मार्च

कॉलेजच्या फाटकाशी दोन तास उभा राहिलो. आली. सोबतच्या मुलींना पुढे जा म्हणाली.

मी सगळं पाठ करून गेलो होतो. घर महिन्याभरात विकलं जाईल, माझा हिस्सा येईल, मी तुझ्या वडिलांना भेटतो. तिने पूर्ण ऐकून घेतलं. हे वाईट लक्षण, हे आता कळतंय. आधी ती मला मधेच तोडायची.

"काकांना सांगितलंस?"

"आता सांगून काय उपयोग? सही झाली. पैसे तर परत जाणार नाहीत."

"पैशाचं कोण बोलतंय?" ती म्हणाली. "अरे, निदान त्यांना कळेल की त्यांचं घर पडकं नव्हतं."

मला राग आला. खरं म्हणजे उत्तर आलं नाही, मग राग आला. म्हटलं, तू गेली नसतीस तर म्हाताऱ्याने अजून महिनाभर वाट बघितली असती, जास्त भाव आला असता. तू घाई करायला लावलीस. बाल्कनीत तू बसवलंस त्याला.

हे म्हणताना मला ते अगदी बरोबर वाटत होतं.

तिचा चेहरा पांढरा पडला. "मला वाटलंच होतं की त्यांनी माझं खरं मानलं नाही," म्हणाली. "मला त्यांचा नंबर दे."

मी दिला नाही. "तू फोन केलास तर त्यांना वाटेल आणखी काही डाव आहे."

"म्हणूनच तो तू करायचा आहेस. फक्त तुझंच ऐकतील ते." ओढणी सावरून निघाली. चार पावलांवर थांबली. मला वाटलं वळेल. चपलेचा बंद नीट करत होती.

१० मार्च

फोन केला नाही. विचार केला. म्हातारा आत्ता कुठे सावरला असेल, त्याला नव्याने कशाला ढवळायचं? त्याच्याच भल्यासाठी.

तिचा नंबर आता लागतच नाही. एक रिंगही नाही.

९ एप्रिल

घर ओळखू येत नाही. पांढऱ्या भिंती, उंच ओटा, दाराला पितळी कडी. तरी तीन गिऱ्हाइकं परत गेली. मामा म्हणाला, "घराला गोष्ट नाही रे. कोऱ्या घराला गोष्ट लागते. आज एक नर्स आणि तिचा नवरा येणार आहेत. तू सांग, हे घर मी माझ्या लग्नासाठी घेऊन नवं केलं. लग्न मोडलं. आता इथे पाऊल टाकवत नाही म्हणून विकतोय. जमेल?"

"जमेल," म्हटलं.

नर्स चाळिशीची, पायात सपाट बूट, ड्यूटीवरून तशीच आलेली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली, तेव्हा मी सुरुवात केली. पहिलं वाक्य मामाचं होतं. दुसरं कुणाचं माहीत नाही. ती इथे उभी होती म्हणालो. ऊन होतं म्हणालो. हात टेकून म्हणाली माझ्याच मापाचा आहे, एवढं म्हटलं आणि पुढे बोलताच येईना. नाकातून, डोळ्यांतून, सगळीकडून पाणी. नवरा बिचारा खिडकीबाहेर बघायला लागला.

नर्सने मला स्टुलावर बसवलं. पाणी दिलं, माझ्याच घरातलं मला. पाठीवर हात ठेवून म्हणाली, "रडून घे. आणि आता खरं सांग, तुझ्या आईच्या वयाची आहे मी. भिंती कशा आहेत या घराच्या?"

"पक्क्या," मी म्हटलं. "एका ड्रायव्हरने बांधलंय. सुट्टीच्या दिवशी, स्वतः. एकवीस दिवस, सकाळ-संध्याकाळ पाणी मारलंय त्याने. आत वीट बघाल तर सांधा पत्त्याच्या पानाएवढा. काही होणार नाही या घराला. तुमच्यामागे तुमची मुलं राहतील."

एक शब्द खोटा नव्हता. भरभरून सांगत होतो, थांबता येत नव्हतं. तिने नवऱ्याकडे बघितलं, त्याने मान डोलावली. भाव केला नाही.

दारामागून मामा ऐकत होता. ती दोघं गेल्यावर त्याने मला मिठी मारली. "काय रे हे! मला वीस वर्षांत जमलं नाही."

१४ एप्रिल

हिस्सा मिळाला. पाकीट आईपुढे ठेवलं. तिने विचारलं, "आता जाणार का तिच्याकडे?" मी म्हटलं, परीक्षा चालू आहे तिची. परीक्षा कधी आहे हे मला माहीत नाही.

ड्रायव्हरचा नंबर फोनमध्ये आहे. दोनदा काढला. दहाच्या आत लावला तर तो झोपलेला असणार. म्हणजे झोपल्यासारखा पडलेला. दहानंतर लावू म्हटलं, तोवर मामाचा निरोप आला.

पाण्याच्या टाकीमागे एक घर निघालंय. विधवा बाई एकटीच राहते, घाईत आहे. उद्या आठला गिऱ्हाईक बनून जायचं. सोबतीला मुलगी मामानेच बघितलीये. नाटकात काम करते, एका फेरीचे ठरवून पैसे घेते. दिसायला बरी आहे, म्हणतो, आणि मुख्य म्हणजे भिंतीतलं तिला ओ की ठो कळत नाही.

नवीन पट्टी मीच कापली. हिरा चालवायला मला आता मामा लागत नाही.